उलटी टीप

लुनेनबर्गच्या धक्क्यावर, शिडं शिवायच्या माळ्यात
व्हर्ना निकल गुडघ्यांवर चालते.
लाकडी जमीन, कापड सरकून सरकून गुळगुळीत झालेली,
बूट खाली जिन्यापाशीच काढायचे.
मी काढले, आणि हातातला कागद पुढे केला:
हॅलिफॅक्सला अडीच वर्षं इंजिनिअरिंग, सोडलं.
कवळ्या बनवायची प्रयोगशाळा, चौदा महिने.
इस्पितळाची धुलाई, रात्रपाळी.
मधे मधे कोऱ्या जागा,
त्यांच्यासाठी कुठली कवळी मिळते, तेवढं सांगा,
असं काहीसं मी पुटपुटले.

तिनं कागद उलटा केला,
मागच्या बाजूला पेन्सिलीनं
एका तिकोनी शिडाची मापं लिहिली.
म्हणाली, कागद चांगलाय. जाड.

पहिल्या दिवशी मी धावदोरा घातला,
सरळ, सुबक, एका दमात हातभर.
ती आली, टोक चिमटीत धरलं, ओढलं.
सगळा दोरा सळ्ळकन तिच्या बोटांत,
कापडावर नुसती भोकं, ओळीनं, शिस्तीत.
"वाऱ्याला एवढंच करायचं असतं."

मग उलटी टीप.
सुई पुढून वर येते,
मागे वळते,
आधीच्याच भोकात पुन्हा शिरते,
आणि तिथून पुढे.
सूत दुप्पट खाते, वेळ तिप्पट.
वरून दिसते एक सरळ रेघ.
"आता पालथं घाल," ती म्हणाली.
खाली सगळं एकमेकांच्या अंगावर चढलेलं,
दाटीवाटीनं, जत्रेतल्या पोरांसारखं.

तिची खालची बाजू मला तुकड्यातुकड्यांनी कळली,
दोरा मेणातून ओढता ओढता.
शिंपल्यांच्या बोटीवर स्वयंपाक.
मग रेडिओवर हवामान वाचणं,
घसा बसला तसं तेही गेलं.
एका पाद्र्याशी लग्न ("तीपण नोकरीच").
तीन हिवाळे शवागाराचे हिशेब.
माळ्यावर आली तेव्हा सत्तेचाळीसची,
सुईत दोरा ओवायला शेजारचं पोर लागायचं.

म्हणजे शेवटी सगळं कामाला येतं,
मी म्हणाले, फार शहाण्यासारखं.
तिनं चष्मा कपाळावर चढवला.
"असलं मला सांगू नकोस.
शवागाराची तीन वर्षं गेली ती गेली.
पेन्शन किती येते, ऐकायचंय?"
ऐकली. मी जमिनीकडे बघत राहिले.
बराच वेळ फक्त दोऱ्याचा आवाज.
"पण मागे वळायची लाज धरली असती,
तर अजून तिथंच बसले असते बेरजा करत.
मेलेल्यांचं काही अडलं नसतं."

फेब्रुवारीत बंदराच्या कडा गोठल्या, कामं आटली.
इस्पितळातून फोन आला, ओळखीच्या नर्सचा:
भाजलेल्यांचे घट्ट कपडे शिवायला माणूस हवंय.
मी तिच्यापुढे उभी, तोंडात शब्द नाही,
शिडाची फक्त एक कड शिकून झालेली.
तिनं तळहाताला बांधायचा चामडी पट्टा काढून दिला,
तिच्या अंगठ्याच्या खळग्यासकट.
"जा. कात्री मात्र ठेवून जा.
मागच्या वेळी एक जण घेऊन गेला."

आता मी धुलाईच्या दोन मजले वर बसते.
वास तोच येतो, वाफेचा, पायरीपायरीनं चढत.
कुणी विचारलं, यानंतर काय,
तर अजूनही नीट सांगता येत नाही.
काल लाकलनचा हातमोजा, वय वर्षं सहा.
नव्या कातडीला टोचू नये म्हणून
सगळी शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेली,
गाठी, दाटी, एकावर एक, उघड्यावर.
त्यानं हात फिरवून फिरवून पाहिला,
खिडकीपाशी नेला, परत आणला.
"तू हे उलटं शिवलंयस."
हो, म्हटलं. उलटंच.
मूठ मिटून बघ.